नर कुत्र्यांचे तात्पुरते वंध्यत्व : उपयोग आणि मर्यादा

(ग्रामस्थ, शिक्षक आणि शासकीय कर्मचारी यांच्यासाठी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कुत्रा हा मनुष्याचा फार जुना सोबती होय. धनगराच्या वाड्यावर मेंढरांची राखण करणारा, खळ्यावर रात्रभर जागणारा आणि दत्तमहाराजांच्या तसबिरीत पायाशी स्थान मिळविलेला असा हा प्राणी आहे. परंतु हाच प्राणी बेवारस होऊन टोळ्यांनी फिरू लागला, की त्याची भीती वाटू लागते. शाळेच्या वाटेवरील मुले, पहाटे दूध घालावयास निघालेले गवळी आणि रात्रपाळीहून परतणारे कामगार यांना ही भीती चांगलीच ठाऊक आहे. यास्तव कुत्र्यांच्या संख्येवर नियंत्रण कसे ठेवावे, हा प्रश्न ग्रामपंचायतीपासून महानगरपालिकेपर्यंत सर्वत्र चर्चिला जातो.

या चर्चेत एक शंका वारंवार पुढे येते. माणसासाठी संततिप्रतिबंधाच्या गोळ्या आणि इंजेक्शने उपलब्ध आहेत. मग कुत्र्यांना पकडून, भूल देऊन शस्त्रक्रिया करण्याचा खटाटोप कशासाठी? एखादे इंजेक्शन देऊन काम भागणार नाही काय? शंका रास्त आहे. नर कुत्र्याची प्रजननशक्ती इंजेक्शनाने थांबविता येते, हे शास्त्राने सिद्ध केले आहे. मात्र अशा रीतीने थांबविलेली शक्ती काही काळाने परत येते. हे परत येणे कोठे उपकारक ठरते आणि कोठे घातक ठरते, याचा विचार या व्याख्यानात केला आहे.

हैदराबादचे उदाहरण

या प्रश्नाचे गांभीर्य समजून घेण्यासाठी हैदराबाद शहराकडे पाहणे उपयुक्त ठरेल. १९५६ पर्यंत मराठवाडा हा हैदराबाद राज्याचाच भाग होता. लातूर, नांदेड, धाराशिव या जिल्ह्यांतील लोकांचे त्या शहराशी व्यापाराचे, शिक्षणाचे आणि औषधोपचाराचे संबंध आजही टिकून आहेत.

फेब्रुवारी २०२३ मध्ये हैदराबादच्या अंबरपेठ भागात एका चार वर्षांच्या बालकावर मोकाट कुत्र्यांच्या टोळीने हल्ला केला आणि त्यात त्या बालकाचा अंत झाला. त्याचे वडील पहारेकरी म्हणून जेथे काम करीत होते, त्याच आवारात ही घटना घडली. तिचे चित्रण देशभर पाहिले गेले आणि तेलंगण उच्च न्यायालयाने या प्रकाराची स्वतःहून दखल घेतली. त्यानंतरही अशा दुर्घटना पूर्णपणे थांबल्या नाहीत.

या शहरात उपायांची परंपरा नव्हती असे नाही. १९९२ मध्ये श्रीमती अमला अक्किनेनी यांनी हैदराबाद ब्लू क्रॉस ही प्राणिसेवी संस्था स्थापन केली. २००७ मध्ये आसपासच्या नगरपालिका सामावून घेऊन बृहन् हैदराबाद महानगरपालिका अस्तित्वात आली. तिच्या पशुवैद्यक विभागाने फत्तुल्लागुडा, चुडीबाजार आदी ठिकाणच्या केंद्रांतून कुत्र्यांचे निर्बीजीकरण व लसीकरण चालविले. कुत्र्यांना देण्यात येणारी ‘रक्षारॅब’ आणि माणसांना देण्यात येणारी ‘अभयरॅब’ या दोन्ही रेबीजप्रतिबंधक लसी तयार करणारी इंडियन इम्युनॉलॉजिकल्स ही संस्था हैदराबादचीच आहे. पशुवैद्यक महाविद्यालय राजेंद्रनगर येथे आहे. सर रोनाल्ड रॉस यांचे नाव दिलेल्या नल्लकुंटा येथील सांसर्गिक रोगांच्या रुग्णालयात श्वानदंशाचे रुग्ण दूरदूरच्या गावांहून येतात. लस, महाविद्यालय, रुग्णालय आणि शस्त्रक्रिया केंद्रे ही सर्व साधने एका शहरात असतानाही प्रश्न सुटत नाही, तेव्हा उपायाची निवड आणि त्यातील सातत्य यांचा बारकाईने विचार करावा लागतो.

शरीरातील आज्ञेची साखळी

शेतकऱ्यांना गोऱ्ह्याचे खच्चीकरण परिचित आहे. बुर्डिझो चिमट्याने वृषणाकडे जाणाऱ्या शिरा दाबल्या, की गोऱ्ह्याचा बैल होतो. तो पुन्हा वळू होत नाही. कुत्र्याची वृषणे शस्त्रक्रियेने काढली तरी परिणाम असाच कायमचा असतो. संप्रेरकांचा मार्ग याहून वेगळा आहे. त्यात अवयव जागेवरच राहतो. त्याला मिळणारी आज्ञा मात्र थांबविली जाते.

ही आज्ञा मेंदूच्या तळाशी निर्माण होते. तेथून एक सूक्ष्म संप्रेरक थांबून थांबून, ठरावीक अंतराने सुटत असते. ते लगतच्या पीयूषिका ग्रंथीला चेतविते. पीयूषिका ग्रंथी रक्तावाटे वृषणांना संदेश धाडते. मग वृषणांत टेस्टोस्टेरॉन हे नरत्वाचे संप्रेरक तयार होते आणि शुक्रजंतूंची निर्मिती चालू राहते. मेंदूतील या मूळ संप्रेरकाची रचना १९७१ मध्ये उलगडली. त्यासाठी शास्त्रज्ञांनी डुकरांच्या आणि मेंढ्यांच्या मेंदूंतील लक्षावधी अंशांवर वर्षानुवर्षे काम केले होते. या कार्याबद्दल रॉजर गियमँ व अँड्र्यू शॅली यांना १९७७ च्या नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला.

या शोधातून एक विलक्षण गोष्ट ध्यानात आली. मूळ संप्रेरकासारखेच, परंतु अधिक प्रभावी असे द्रव्य शरीरात अखंड झिरपत ठेवले, तर प्रथम वृषणांचे कार्य वाढते आणि नंतर ते मंदावत जाऊन थांबते. शिक्षकांना हे सहज पटेल. शाळेची घंटा ठरल्या वेळी वाजली, की मुले वर्गात येतात व तास बदलतात. तीच घंटा दिवसभर न थांबता वाजत राहिली, तर प्रथम गडबड उडते आणि पुढे तिच्याकडे कोणी लक्षच देत नाही. पीयूषिका ग्रंथीचे नेमके असेच होते. अखंड संदेशाला ती दाद देईनाशी होते.

कांडीचे रोपण

या तत्त्वावर डेस्लोरेलिन नावाच्या द्रव्याची बारीक कांडी तयार करण्यात आली. ऑस्ट्रेलियात विकसित झालेली ही कांडी ‘सुप्रेलोरिन’ या नावाने ओळखली जाते. युरोपीय संघाने २००७ मध्ये नर कुत्र्यांसाठी तिला मान्यता दिली. कांडीची लांबी सुमारे १२ मिलिमीटर असते. पशुवैद्यक ती जाड सुईने कुत्र्याच्या पाठीवरील सैल कातडीखाली बसवितात. त्यासाठी शस्त्रक्रिया करावी लागत नाही. कांडी शरीरात हळूहळू विरघळते, त्यामुळे मुदत संपल्यावर ती काढण्याचीही आवश्यकता नसते.

४.७ मिलिग्रॅमच्या कांडीचा परिणाम किमान सहा महिने आणि ९.४ मिलिग्रॅमच्या कांडीचा किमान बारा महिने टिकतो. परंतु हा परिणाम लगेच सुरू होत नाही. पहिल्या काही दिवसांत टेस्टोस्टेरॉन उलट वाढते आणि पूर्वी तयार झालेले शुक्रजंतूही शिल्लक असतात. म्हणून लहान कांडी बसविल्यावर सुमारे सहा आणि मोठी बसविल्यावर सुमारे आठ आठवडे त्या नराला माजावरील मादीपासून दूर ठेवावे लागते. “काल इंजेक्शन दिले आणि आज कुत्रा मोकळा सोडला” असा समज करून घेतल्यास फसगत होईल. कांडी हाताळताना ती चुकून माणसाच्या त्वचेखाली जाऊ नये याची दक्षता घ्यावी लागते. गर्भवती स्त्रियांनी हे काम करू नये, अशी स्पष्ट सूचना आहे.

पूर्वस्थिती कशी व केव्हा येते

कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच, अशी आपल्याकडे म्हण आहे. नळी काढली, की शेपूट आपल्या मूळ वळणावर येते. कांडीचेही तसेच आहे. तिच्यातील द्रव्य संपत आले, की अखंड वाजणारी घंटा थांबते आणि पीयूषिका ग्रंथीला नेहमीचे संदेश पुन्हा उमगू लागतात. टेस्टोस्टेरॉन वाढू लागते आणि आक्रसलेली वृषणे पूर्ववत होऊ लागतात. कुत्र्यात शुक्रजंतू तयार होण्यास सुमारे बासष्ट दिवस लागतात व त्यानंतर ते परिपक्व होण्यास आणखी काही दिवस जातात. त्यामुळे टेस्टोस्टेरॉन पूर्ववत झाले, तरी खरी प्रजननक्षमता येण्यास दोन महिन्यांहून अधिक काळ लागू शकतो.

या बाबतीत नोंदले गेलेले आकडे लक्षात ठेवण्याजोगे आहेत. ४.७ मिलिग्रॅमची कांडी दिलेल्या कुत्र्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक कुत्र्यांचे टेस्टोस्टेरॉन रोपणापासून बारा महिन्यांच्या आत आणि ९८ टक्के कुत्र्यांचे अठरा महिन्यांच्या आत नेहमीच्या पातळीवर आले. याचा अर्थ असा, की परिणाम ओसरणे हा नियम आहे. परंतु तो कोणत्या महिन्यात ओसरेल, हे प्रत्येक कुत्र्याबाबत निराळे असते. दहा किलोहून कमी वजनाच्या लहान कुत्र्यांत तो बहुधा अधिक काळ टिकतो. रक्तातील टेस्टोस्टेरॉन पूर्ववत होणे आणि प्रत्यक्ष पिले होण्याची क्षमता पूर्ववत होणे या दोन गोष्टीही एकच नव्हेत. दुसऱ्या गोष्टीविषयी, विशेषतः वारंवार कांड्या बसविलेल्या नरांविषयी, उपलब्ध माहिती मर्यादित आहे. क्वचित प्रसंगी वृषणे आक्रसलेलीच राहिल्याचेही नमूद आहे. म्हणून ज्या नराचा वंश हमखास हवाच आहे, त्याच्या मालकाने पशुवैद्यकाशी विचारविनिमय केल्यावाचून हा मार्ग धरू नये.

पाळीव कुत्र्यांसाठी उपयोग

अशा तात्पुरत्या वंध्यत्वाचा उपयोग कोणाला होतो? ज्याचा कुत्रा त्याच्या नजरेखाली राहतो, त्याला. लातूर, सोलापूर या भागांत आढळणारा कारवानी कुत्रा आणि कर्नाटकातील मुधोळ हाउंड या चपळ जातींचा वंश जतन होणे इष्ट आहे. मुधोळ कुत्र्यावर भारतीय टपाल खात्याने २००५ मध्ये तिकीटही काढले होते. अशा जातिवंत नराला एक-दोन वर्षे प्रजननापासून दूर ठेवून पुढे योग्य मादीशी त्याचे मीलन घडवावयाचे असेल, तर कायमची शस्त्रक्रिया करून भागणार नाही. वयोवृद्ध किंवा हृदयविकार असलेल्या कुत्र्याला भूल देणे धोक्याचे असते. तेथेही कांडी सोयीची ठरते. कायमची शस्त्रक्रिया करण्यापूर्वी कुत्र्याच्या प्रकृतीत व वागणुकीत काय फरक पडेल, हे अजमावून पाहण्यासाठीही काही पशुवैद्यक तिचा अवलंब करतात.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. टेस्टोस्टेरॉन कमी झाल्यावर माजावरील मादीमागे भटकणे व त्यापायी होणारी भांडणे बहुधा कमी होतात. परंतु भीतीपोटी किंवा अन्नाच्या राखणीसाठी चावणारा कुत्रा केवळ या उपायाने शांत होईलच असे नाही. चावऱ्या कुत्र्यावर कांडी हे औषध समजू नये.

मोकाट कुत्र्यांच्या बाबतीत मात्र

आता पुन्हा हैदराबादच्या रस्त्याकडे वळू. समजा, एखाद्या वस्तीत शंभर नर कुत्रे आहेत आणि सर्वांना सहा महिन्यांची कांडी बसविली. सहा महिन्यांनंतर त्या शंभरांना पुन्हा पकडावे लागेल, त्यानंतर पुन्हा आणि त्यानंतरही पुन्हा. एखादा कुत्रा सहा वर्षे जगला, तर त्याला बारा वेळा जाळ्यात धरावे लागेल. एकदा जाळ्यात सापडलेला कुत्रा दुसऱ्या वेळी गाडीचा आवाज ऐकताच गल्लीबोळांत नाहीसा होतो, हा या कामावरील कर्मचाऱ्यांचा नित्याचा अनुभव असतो. शिवाय कोणत्या कुत्र्याची मुदत केव्हा संपली, याची नोंद कोण ठेवणार? पाळीव कुत्र्याला मालक असतो, तोच त्याची नोंदवही असतो. मोकाट कुत्र्याला ती सोय नाही. मालकाच्या दृष्टीने जो गुण, तोच रस्त्यावर दोष ठरतो.

दुसरी अडचण निसर्गाच्या हिशेबाची आहे. एक नर अनेक माद्यांना फळवू शकतो. दहांपैकी नऊ नर वंध्य केले, तरी उरलेला दहावा नर वस्तीतील बहुतेक माद्यांना पुरेसा होतो. मादीचे तसे नाही. ती वर्षातून एकदा किंवा दोनदा माजावर येते, सुमारे त्रेसष्ट दिवसांनी विते आणि सामान्यतः एका वेतात चार ते सहा पिले देते. जितक्या माद्यांचे निर्बीजीकरण होते, तितकी वेते निश्चितपणे टळतात. म्हणून संख्या आटोक्यात आणावयाची असेल, तर माद्यांवरील शस्त्रक्रियेस अग्रक्रम द्यावा लागतो. नरांवरील शस्त्रक्रियेने झुंडी व भांडणे कमी होण्यास साहाय्य होते, परंतु तेवढ्यावरच भिस्त ठेवून चालत नाही.

माद्यांसाठी पूर्वीपासून काही संप्रेरकांची स्वस्त इंजेक्शने वापरली जातात. मात्र त्यांच्या गैरवापराने गर्भाशयात पू होणे, स्तनांत गाठी होणे यांसारखे विकार उद्भवतात. पशुवैद्यकाच्या सल्ल्याविना अशी इंजेक्शने देणे हे मुक्या जनावराचे हाल करण्यासारखे आहे.

शासनाने १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियमाखाली २००१ मध्ये आणि त्यांच्या जागी २०२३ मध्ये जे श्वान जन्मनियंत्रण नियम केले, त्यांचा पाया शस्त्रक्रियेने निर्बीजीकरण आणि रेबीजविरोधी लसीकरण हाच आहे. कुत्र्याला एकदाच पकडावयाचे, त्याच वेळी शस्त्रक्रिया व लसीकरण करावयाचे, ओळखीसाठी कानावर खूण करावयाची आणि जेथून आणला तेथेच सोडावयाचे, अशी ही पद्धती आहे. २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशाने सर्वोच्च न्यायालयाने पिसाळलेले, तसा संशय असलेले व आक्रमक कुत्रे वगळून इतरांच्या बाबतीत हीच पद्धती मान्य केली. त्यानंतर ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशाने शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वेस्थानके यांच्या आवारातील कुत्रे तेथून हलविण्यास व तेथे पुन्हा न सोडण्यास न्यायालयाने सांगितले. शाळांच्या मुख्याध्यापकांनी आवाराचे कुंपण व फाटक सुस्थितीत ठेवण्याचे महत्त्व यावरून ध्यानी घ्यावे.

लसीकरणाची जोड

निर्बीजीकरणाने संख्या घटण्यास काही वर्षे लागतात. रेबीज मात्र तोवर थांबत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ५९,००० माणसे या रोगाने दगावतात आणि त्यांत पंधरा वर्षांखालील मुलांचे प्रमाण सुमारे ४० टक्के असते. माणसाला होणारा रेबीज जवळजवळ नेहमी कुत्र्यापासूनच होतो. वस्तीतील निदान ७० टक्के कुत्र्यांना लस टोचलेली असली, तर रोगाची साखळी तुटते. ही लस नर-मादी, पाळीव-मोकाट असा भेद न करता सर्वांना दिली पाहिजे. कुत्र्यांपासून होणारा रेबीज २०३० पर्यंत हटविण्याचा राष्ट्रीय कृती आराखडा केंद्र शासनाने २८ सप्टेंबर २०२१ रोजी, जागतिक रेबीज दिनी, जाहीर केला आहे.

कुत्रा चावल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटे धुवावी. जखमेवर मिरचीपूड, चुना, तेल किंवा हळद लावू नये. विलंब न लावता प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन ठरलेल्या दिवशी लसीच्या सर्व मात्रा घ्याव्यात. पोटात चौदा इंजेक्शने घेण्याची जुनी पद्धत केव्हाच बंद झाली आहे. तिच्या भीतीने कोणी घरी बसून राहू नये, कारण रोगाची लक्षणे उमटल्यानंतर रुग्ण वाचविणे जवळजवळ अशक्य असते.

प्रत्येकाचे कर्तव्य

पाळीव कुत्र्याचा मालक, शिक्षक आणि ग्रामपंचायत या तिघांचा या कामी वाटा आहे. मालकाने कुत्र्याला दरवर्षी लस टोचून घ्यावी. पिले नको असतील, तर शस्त्रक्रिया करवावी आणि पुढे हवी असतील, तर तात्पुरत्या उपायाविषयी पशुधन विकास अधिकाऱ्यांचा सल्ला घ्यावा. नको असलेली पिले बाजारात किंवा गावाबाहेर नेऊन सोडू नयेत. आज रस्त्यावर दिसणाऱ्या कित्येक कुत्र्यांचा उगम अशाच सोडलेल्या पिलांत असतो.

शिक्षकांनी मुलांना सांगावे, की खाणाऱ्या किंवा पिलांजवळ असलेल्या कुत्र्याच्या वाटेला जाऊ नये. कुत्रा अंगावर आला, तर पळत सुटू नये. कुत्र्याचे नख वा दात लागल्यास ते घरी लपवू नये. ग्रामपंचायतींनी व नगरपालिकांनी मांसविक्रीच्या दुकानांतील टाकाऊ भाग आणि मंगल कार्यालयांतील उष्टे उघड्यावर पडणार नाही, अशी व्यवस्था करावी. जेथे अन्न सहज मिळते, तेथे कुत्र्यांची संख्या वाढतेच. शस्त्रक्रियेची मोहीमही एका उन्हाळ्यापुरती न ठेवता एकेका वस्तीत बहुसंख्य माद्या पूर्ण होईपर्यंत चालू ठेवावी आणि मगच पुढील वस्ती हाती घ्यावी. सर्व शहरभर थोडे थोडे काम केल्यास राहिलेल्या माद्यांची वेते ती तूट लवकरच भरून काढतात.

बंधुभगिनींनो, शास्त्र पुढे जात आहे. एकाच इंजेक्शनाने आयुष्यभर पुरेल असा निर्धोक उपाय शोधण्याचे प्रयत्न निरनिराळ्या देशांत चालू आहेत. तो हाती येईल तेव्हा त्याचे स्वागतच होईल. तोपर्यंत कोणी विक्रेता “एक सुई टोचा, कुत्र्यांचा प्रश्न मिटला” असे सांगत ग्रामपंचायतीकडे आला, तर त्याला एवढेच विचारावे : हिचा परिणाम किती महिने टिकतो, आणि त्यानंतर हाच कुत्रा पुन्हा कोण पकडून आणणार? या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मिळाल्याशिवाय गावाचा पैसा त्यावर खर्च होऊ नये.